मावशी गेली, ट्रंका राहिल्या

दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. मी माझ्या धडधाकट मावशीला फोनवर मारलं.

ही माझी इंदूमावशी सांगोल्याकडं सरकारी नर्स होती. लग्न केलं नाही. सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली. दुष्काळात पाण्याचा टँकर आला की ही बाई त्याच्यापुढं सायकल आडवी घालायची. आधी बाळंतिणीच्या घरचं पिंप भरा, मग पुढं जा. सरपंचाचीही तिच्यापुढं बोलायची टाप नव्हती.

रिटायर झाल्यावर ती सोलापूरला जुळे सोलापूर भागात आमच्याकडं राहायला आली आणि हे सगळं लिहून काढायला बसली. कशावर? जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. त्यात बदल्यांच्या ऑर्डरी, बायांनी कोणाकडून तरी लिहून घेऊन पाठवलेली पत्रं, फोटो. पत्र्याच्या ट्रंका भरल्या की हो.

असे घरगुती कागद जपून ठेवणारी एक संस्था शहरात आहे, असं मला कळलं. मावशीला विचारून मी तिथं अर्ज केला. बऱ्याच दिवसांनी तिथल्या मॅडमचा फोन आला, आणि नेमकी मावशी त्याच सकाळी एका लग्नाला सांगोल्याला गेलेली.

मॅडमना तिच्याशीच बोलायचं होतं. मी म्हणालो, "मावशी गेली हो, आज सकाळीच."

पलीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अशी अचानक?" मॅडमनी हळूच विचारलं.

"अचानक कसलं, कधीचं तेच चाललं होतं तिचं. आम्ही लई सांगितलं, थांब म्हणून. ऐकते कुठं?"

"त्रास नाही ना झाला?"

"अजिबात नाही. नवी साडी नेसून हसत हसत गेली."

मॅडम म्हणाल्या, कागदांचं नंतर बघू, आधी तुमचं आवरू द्या. मी म्हणालो, आवरायचं काय त्यात? उलट आता बरं झालं, ती असली की ट्रंकेला हात लावता येत नाही. उद्याच या. आता तुम्हीच सांगा, त्या बाईंनी माझ्याबद्दल काय मत करून घेतलं असेल?

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पांढरा ड्रेस, उतरलेला चेहरा. मावशी तासाभरापूर्वीच एसटीनं परतली होती; दार तिनंच उघडलं. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. मॅडमनी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, फार वाईट वाटलं, भेट राहूनच गेली. माणसं सावरायची मावशीला सवय. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग विचारलं, "कोण गेलं, बाळ?"

"इंदूबाई. नर्स होत्या ना, त्या."

"गेले होते की. लग्नाला. जेवले आणि आले."

मॅडमनी सावकाश मान वळवून स्वयंपाकघरात माझ्याकडं पाहिलं. मला गॅसच्या सिलिंडरमागं लपावंसं वाटलं.

सगळा उलगडा झाल्यावर मावशी पदर डोळ्यांना लावून हसत सुटली. मग तिनंच ट्रंका उघडल्या. मॅडमनी टँकरचं पान मोठ्यानं वाचायला घेतलं आणि संपल्यावर तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हणाल्या, मोठ्या लोकांचे कागद आमच्याकडं खूप येतात. या वस्त्यांवरच्या बायांचं कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मावशीच्या या गोष्टी मी ताटावर कितीदा ऐकल्या होत्या. त्या दिवशी प्रथमच तिच्याकडं नीट बघितलं.

पण ट्रंका लगेच दिल्या नाहीत. मावशी म्हणाली, एक प्रकरण राहिलंय. कॅलेंडरचं पान फाडून तिथंच लिहायला बसली. मथळा दिला, 'भाच्यानं मला मारलं तो दिवस'.

ट्रंका गेल्यावर मी गुपचूप मॅडमना फोन केला. म्हटलं, तेवढं शेवटचं पान वगळता येईल का?

"आता कसं वगळणार?" मॅडम म्हणाल्या. "बाकीचं अजून वाचायचंय, पण ते पान ऑफिसात सगळ्यांचं पाठ झालंय."