गाडीपाशी बसायचे तीन रुपये

गॅरेजात गाडी सोडून घरी जाऊन निवांत जेवणारा माणूस मी चौऱ्याहत्तर सालच्या सोलापुरात तरी पाहिला नाही. आपला चांगला कार्बोरेटर जाईल आणि त्या जागी भंगारातला येऊन बसेल, ही धास्ती प्रत्येकाला. पण शुक्रवार पेठेतल्या व्यापाऱ्यांना दुकान सोडून दिवसभर गॅरेजात बसणं जमायचं नाही. म्हणून ते कोंडीबामामांना बसवायचे.

मामांचं काम एवढंच. बॉनेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत गाडीपाशी बसायचं, मेकॅनिकच्या हातांवरून नजर हलवायची नाही आणि निघालेला जुना माल फडक्यात बांधून मालकाला द्यायचा. दिवसाचे तीन रुपये. मेकॅनिक लोकही काही दूधखुळे नव्हते. मामा बसले की ते लेबर पाच रुपयांनी चढवून सांगायचे. म्हणजे मालकाला हा पहारा आठ रुपयांना पडायचा, आणि तरी तो खुशीत असायचा.

मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून रिटायर झालेले. सोलापुरात लेकीकडे, केराबाईकडे राहायचे. सासरा जावयाच्या घरी बसून खातो असं कोणी म्हणू नये, याची त्यांना भारी काळजी. कारखान्यातला माणूस म्हटल्यावर यांना इंजिनाची नस न् नस कळत असणार, असं लोक धरूनच चालले. मीही धरलं होतं. माझं स्पेअर पार्टचं दुकान चनमल्लप्पाच्या गॅरेजसमोरच होतं. एका दुपारी मामा काउंटरवर वाकले आणि कार्बोरेटरकडे बोट दाखवून हळूच विचारलं की हे काय असतं. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. कारखान्यात ते हत्यारांच्या खिडकीवर होते. पाना दिला की कामगाराचा बिल्ला घ्यायचा, पाना परत आला की बिल्ला द्यायचा. एकतीस वर्षं हेच केलं. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कुणाला सांगू नको म्हणाले, मी सांगितलं नाही. खरं तर मला गंमतच वाटली. सबंध पेठेला चकवणारा म्हातारा मला आवडून गेला.

एप्रिलात महादेवप्पा शेटची अँबॅसिडर ब्रेकच्या कामाला आली. शेटची मुलगी गुरम्मा गुलबर्ग्याला दिलेली, तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. आठवा सरत आलेला. शेट आणि त्यांची बायको अक्कम्मा दुपारी निघणार होते. चनमल्लप्पानं पुढच्या दोन्ही चाकांतले, ब्रेकचं ऑइल अडवणारे रबर बदलायचे पस्तीस रुपये लेबर सांगितलं. शेटनी घासाघीस करकरून बावीसवर आणलं. चनमल्लप्पा हो म्हणाला, पण मला त्याचा आवळलेला जबडा दिसत होता. माझ्याकडून एका चाकाला दोन असे चार रबर घेतले आणि भराभर कामाला लागला. मामा जवळ बसले होतेच.

काम झालं. शेटनी मामांना विचारलं, सगळं बरोबर झालं ना? मामांनी फडक्याची गाठ चाचपली, ते पुढे केलं आणि झालं म्हणाले. शेटनी फडकं न उघडताच मामांना परत दिलं, घाई होती म्हणून. शिवपुत्र ड्रायव्हरनं गाडी काढली आणि अक्कलकोटच्या रस्त्याला लावली.

अर्ध्या तासानं मामा माझ्याकडे आले. फडकं सोडून काउंटरवर पसरलं.

"चन्नवीर, चार रबर न्हेलं हुतं न्हवं? ह्यात जुनं तीनच हायत. असं असतंय का?"

असं नसतं. नवा रबर घालायचा तर जुना काढावाच लागतो. म्हणजे एका ठिकाणी जुनाच राहिला होता, आणि तिथून ब्रेक ऑइल गळालं की चारही चाकांचा ब्रेक गेला. मी ओरडलो, हे तिथंच का नाही बोललात? मामा फडक्यातले रबर पुन्हा मोजायला लागले. मला समजलं. विचारलं असतं तर यांना काही कळत नाही हे चारचौघांत उघडं पडलं असतं.

आम्ही दोघं चनमल्लप्पाकडे धावलो. तो आधी उसळला. म्हाताऱ्या माणसानं उगाच संशय घेऊ नये म्हणाला, आणि मग नेमकं तेच विचारलं.

"मामा, तुमाला काय कळतंय हो त्यातलं?"

"काय बी कळत न्हाय," मामा म्हणाले. "एकतीस वर्सं नुसती हत्यारं मोजली म्या. पर चार दिलं आन् तीनच आलं."

मग चनमल्लप्पानं खिशात हात घातला आणि चौथा नवा रबर काढून दाखवला. डाव्या चाकातला, रबर ज्यावर बसतो तो खालचा पिस्टन जाम होता. तो सोडवायला तासभर गेला असता. बावीस रुपयांत आणखी तास कोण घालवतो, महिनाभर चालेल असं त्याला वाटलं. सांगता सांगताच तो पान्यांची पिशवी भरायला लागला. त्यालाही तीन मुली होत्या.

माझ्या जावा मोटारसायकलवर तिघं बसून निघालो. मी चालवत होतो, मध्ये मामा, मागे पान्यांची पिशवी आणि ऑइलचा डबा घेऊन चनमल्लप्पा. अक्कलकोटच्या रस्त्यावरची कुंभारी मागे पडली. रस्त्यात कुठे चार माणसं जमलेली दिसली की मी वेग कमी करून बघायचो. एका वळणावर तशी गर्दी दिसली आणि मामांनी माझा खांदा असा आवळला की गाडी हलली. बैल खरेदीवरून भांडण चाललं होतं, दुसरं काही नाही. मामांचा हात मात्र वळसंग येईपर्यंत तसाच होता.

वळसंगला हॉटेलापुढे गाडी उभी दिसली. शिवपुत्रनं बैलगाडी वाचवायला ब्रेक दाबला तो थेट खाली गेला होता. हँडब्रेक ओढून, गिअर पाडून त्यानं कशीबशी थांबवली. बैलगाडीत आणि गाडीत हातभर अंतर राहिलं होतं. डावं चाक ऑइलनं माखलेलं होतं आणि अक्कम्मा लिंबाखाली पदरानं तोंड पुसत बसल्या होत्या.

चनमल्लप्पानं न बोलता जॅक लावला. शेटनी विचारलं, हे झालंच कसं? तो खाली मान घालून नट फिरवत राहिला. तेव्हा मामा पुढे झाले आणि एक जुना रबर आतच राहिला होता, आपल्या ध्यानात आलं होतं आणि आपण बोललो नाही, हे सांगून मोकळे झाले.

"मग झालं म्हणून का सांगितलंस?"

"इचारायचं भ्या वाटलं, मालक. मला गाडीतलं काय कळत न्हाय."

"आणि तुला मी माझ्या माणसांच्या जिवाच्या राखणीला बसवलं व्हय," शेट म्हणाले. उद्यापासून पेठेत दिसू नकोस, हेही म्हणाले.

चनमल्लप्पाला मात्र ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बोलणार कसे? चाक उघडं पडलेलं, गुलबर्गा लांब, लेक वाट बघतेय. उलट आपणहून उरलेले तेरा रुपये काढून त्याच्या खिशात घातले आणि नीट कर बाबा म्हणून विनवलं. ज्यानं लबाडी केली त्याला पूर्ण लेबर मिळालं. मला इतका संताप आला होता की सांगता सोय नाही. या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नसतं तर आम्ही इथे आलोच नसतो, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पण शेटच्या दोन गाड्या, त्यांच्या भावाचा ट्रक, सगळ्यांचा माल माझ्याकडून जायचा.

तासाभरानं ब्रेक धरला. शेटनी हॉटेलवाल्याकडून चहा मागवला. शिवपुत्रला, चनमल्लप्पाला आणि मला; मामांना नाही. मामा जावापाशी उभे राहून पिशवीत पाने भरत होते. मी माझा चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा दुकानात आले. गुरम्मा सुखरूप पोचली का, एवढंच विचारलं. पोचली म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि घरी निघाले. पेठेतून त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. त्यानंतरही रस्त्यात भेटले की ते माझी, दुकानाची चौकशी करायचे. चहाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. काढला असता तर मला निदान काही बोलता तरी आलं असतं.