धोट्याच्या पुढं पळणारा श्वास

एकोणीसशे एकतीस साल, माझं वय अठ्ठावन्न. तेव्हाचं आज लिहायला बसलोय, कारण आमचा शेजारी नरसय्या गेल्या महिन्यात गेला... तो हातमागावर लुगडी विणायचा, मी टांगेवाला. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्याची तेवढीही नाही.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याची दोन लेकरं एका आठवड्यात गेली. तेव्हापासून गल्लीत कुणाचं पोर खोकलं की हा माग सोडून उठायचा. खोकता खोकता श्वास कोंबड्यासारखा ओढला आणि वर उलटी झाली, तर डांग्या खोकला. घरातली सगळी एकदमच अंग मोडून तापली, तर साथीचा ताप. नाक वाहतंय पण पोर खेळतंय, तर पडसं, जाऊ दे. मी हसायचो. "वैद्य झालास की रे!"

एकतीसच्या थंडीत माझी दोन वर्षांची नात शेवंता खोकत होती. तिसऱ्या दिवशी खोकला कमी झाला, पोरगी निपचित झोपली. मी खूश. दुपारी नरसय्या आला. एक हात तिच्या पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर आपटू लागला, मागावर सुताचा धोटा इकडून तिकडं पळतो त्या ठेक्यात. किती तरी वेळ... एक ठोका चुकला नाही.

"तात्या, धोट्याच्या पुढं पळतोय हिचा श्वास. बरगडीखाली खड्डा पडतोय, बघ की. टांगा जोड."

"पडसं हाय ते. सगळ्या गल्लीचं नाक वाहतंय."

"गल्लीतली पोरं खेळत्यात. ही रडत बी न्हाय."

"माझी नात हाय, मला कळतंय!"

"मग बस समजून घेत," म्हणाला, आणि पोरीला घोंगडीत गुंडाळून पायीच निघाला. मी टांगा जोडून मागं धावलो, सात रस्त्याच्या चौकात त्याला गाठला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, खिशातलं घड्याळ काढून श्वास मोजले. न्युमोनिया. "आज आणलीत म्हणून..." एवढंच बोलले. ज्याला घड्याळ वाचता येत नव्हतं, त्यानं ते घरीच सांगितलं होतं. मी नुसता त्याच्या बोटांकडं बघत राहिलो.

आठ दिवस झुंजून शेवंता उठली. आता शाळेत जाते. पण त्या दिवशी काहीच ठरलेलं नव्हतं, आणि मी चुकलो हे माझ्या तोंडातून निघालं नाही. तो जाईपर्यंत नाही निघालं.

पोरीला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडा जोडलाच नाही. नरसय्याच्या घरी गेलो. आमच्यापायी त्याचा माग आदल्या दिवशी बंद पडला होता. धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरणं हे बायकांचं काम म्हणून मी कधी हात लावला नव्हता. त्याच्या बायकोच्या पुढ्यातला रहाट ओढून घेतला आणि दुपारपर्यंत कांड्या भरत बसलो.