खळ्यावर आलेला बोकड

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, शाळेत जुन्या ग्रीक नाटकाचा धडा आहे, आजीला त्यातलं काही येतं का. येतं. अंबाजोगाईच्या कॉलेजात इंग्रजी शिकताना ते सगळं मी पाठ केलं होतं. समजलं मात्र फार उशिरा, चौसाळ्याजवळच्या एका गावातल्या खळ्यावर, एका बोकडामुळे.

खळं म्हणजे काय ते आधी सांगते. शेतातली गोल, ठोकून शेणाने सारवलेली जागा. मध्ये खांब रोवायचा, त्याला बैल जुंपून कणसांवरून गोल फिरवायचे, की दाणे सुटतात. आता मळणी यंत्राने होते, म्हणून खळी ओस पडली. ग्रीकांचं नाटक म्हणे अशाच गोल जागेत सुरू झालं. द्राक्षांच्या देवाच्या उत्सवात माणसांचा घोळका गात-नाचत असे. एकदा त्यातला एक जण बाहेर आला आणि घोळक्याला उत्तर देऊ लागला. झालं नाटक. लोक डोंगराच्या उतारावर बसून बघत. मागे कपडे बदलायला तंबू असे; 'सीन' हा शब्द त्या तंबूवरूनच आला.

निवृत्तीनंतर मी त्या गावच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस इंग्रजी शिकवायला जात असे. एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी म्हटलं, यंदा ग्रीक पद्धतीने करू. शाळेमागे उतार होता, पायथ्याशी जुनं खळं होतं. मागे कनात ताणली, तंबू झाला. जुन्या वर्तमानपत्रांना पिठाची खळ लावून मुखवटे केले. गोष्ट आमचीच: दुष्काळात एक राजा पाण्यासाठी जीव देतो. बारा मुलींचा घोळका, आणि बाहेर येणारी तेरावी.

ही तेरावी एका मेंढपाळाची मुलगी. वर्गात तोंड उघडत नसे, पण शेरडं वळताना तिची हाक पलीकडच्या टेकडीवर पोचे. मुखवटा घातला की तिची भीती जाई. "मुखवट्यात मी नसतेच बाई," म्हणायची. तिच्याकडे निरोप्याचं काम होतं. ग्रीक नाटकात सहसा मरण लोकांसमोर दाखवत नसत. ते आत व्हायचं. निरोप्या बाहेर येऊन सांगायचा, आणि त्याने सांगितलं म्हणजे घडलं, असं सगळ्यांनी धरायचं. हे मी मुलींकडून घोकून घेतलं होतं.

चूक माझी झाली ती पुढे. 'ट्रॅजेडी' या शब्दाचा मूळ अर्थ 'बोकडाचं गाणं', असंही मी सांगून बसले. का, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही; काही म्हणतात, देवाला बोकड देत म्हणून.

प्रयोगाच्या सकाळी तिचे वडील आले. खांद्यावर घोंगडी, हातात दोरी, दोरीला हार घातलेला बोकड. तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलेला.

"दादा, हा कशाला आणलात?"

"कशाला म्हंजी? नाटक देवाचं, अन् बोकडाचं गानं हाय म्हनली पोरगी. बिगर बोकडाचं गानं कसं व्हईल बाई?"

"अहो, ती फार जुनी गोष्ट. आता बोकड लागत नाही."

"आता लागतो. देवाला बोललो मी. पारावर समद्यांम्होरं बोललो."

उतारावरून कुणीतरी ओरडलं, "असू द्या की बाई! सांच्याला कंदुरी हाय, लई लोकं यायलीत!"

कंदुरी म्हणजे बोकड देवाला देऊन केलेलं जेवण. मसालासुद्धा वाटून तयार होता. बोललेलं मागे घेतलं तर वडिलांची मान गावात खाली जाणार, न घेतलं तर बोकड जाणार. मुलगी कनातीमागे मुखवटा मांडीवर घेऊन बसली होती. "तुमीच सांगितलं व्हतं ना बाई, बोकडाचं?" एवढंच म्हणाली. "राहू दे, नाटकच नको," मी म्हटलं. "नगं," ती म्हणाली, "लोकं बसल्यात."

बोकड कनातीमागेच बांधलेला. नाटक सुरू झालं, तिची वेळ आली. ती खळ्याच्या मधोमध उभी राहिली आणि राजाचं नाव न घेता टेकडीपलीकडे पोचेल अशा आवाजात म्हणाली, "ऐका गावकऱ्यांनो! आत बोकड कापला! म्या माज्या डोळ्यांनी बघितला. देवाला पोचला. देव धाला, पोट भरलं त्याचं!"

घोळक्यातल्या मुली गोंधळल्या. पण पाठांतर पक्कं, म्हणून राजासाठी लिहिलेलं वाक्यच त्या एका सुरात म्हणाल्या, "जाताना काय बोलला?"

कनातीमागून बोकड ओरडला, "बेंऽऽ!"

उतार हसून हसून लोटपोट झाला. मग वडील उठले. ते खळ्यात आले, मुखवट्यासमोर उभे राहिले. लेकीशी बोलावं तसं नाही, देवळात कौल मागावा तसं त्यांनी विचारलं, "निरोप्या, देव धाला का नक्की?"

"धाला," मुखवटा म्हणाला.

"मंग झालं," ते म्हणाले. कनातीमागे जाऊन त्यांनी दोरी सोडली आणि लेकीच्या हातात दिली. त्यांच्या म्हाताऱ्या आईने उतारावरून हाळी दिली, "आरं, मंग मसाल्यात वांगी टाका की!" संध्याकाळी सगळे वांगी आणि भाकरी जेवले. कुणीही कुरकुर केली नाही.

लेकीचं त्यांनी ऐकलं असतं का, मला शंका आहे. निरोप्याचं ऐकलं. मुखवटे कशासाठी होते, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या धड्यात असलं तर बघा.

तो मुखवटा तुमच्यासाठी ठेवायचा होता. पण कागदाला पिठाची खळ लावलेली. मी मागायला गेले तोवर बोकडाने नाकापर्यंत खाल्ला होता.