अध्यक्षांची टाळी

आमच्या अध्यक्षांना टाळीसाठी श्रोते लागत नसत. भाषणातलं वाक्य संपलं की ते स्वतःच सुरू करत, आणि समोरचे चारजण थांबले तरी त्यांचे हात चालूच. पक्ष एवढासा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मजुरांच्या कॅम्पात विदर्भातून आलेल्यांच्या झोपड्यांची जी एक ओळ होती, तेवढाच. सगळे लाल धुळीनं माखलेले आणि हे इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. घमेलं उचलताना त्यांना कोणी पाहिलं नाही.

"आपल्याले मोठ्या लोकाईत बसता आलं पायजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. बसून करायचं काय, हे त्यांना कधी सुचलं नाही.

कॅम्पाच्या समितीत पाच जागा. प्रत्येकाला पाच मतं, आणि पाचही एकाच नावावर टाकायची मुभा. आमची अख्खी ओळ पाचही मतं गिरजाआत्याला द्यायची, म्हणून एक जागा आमची. आत्या रेजा, दिवसभर माती वाहायची. समितीत भांडून तिनंच आमच्या ओळीला नळ आणला होता.

मोठ्या पक्षाला ती एक जागाही खुपली. त्यांनी ठराव आणला: प्रत्येक जागेची निवडणूक वेगळी, प्रत्येक जागेला एकच मत. ऐकायला अगदी न्याय्य. अध्यक्षांना मंचावर खुर्ची मिळाली आणि त्यांनी पाठिंबा दिला. अनुमोदनाला मला उभं केलं. "तुह्या क्वार्टरचा शब्द टाकतो ना बे साहेबाच्या कानात!"

मी मॅट्रिक. आता मतं एका नावावर साठवता येणार नाहीत आणि मोठा पक्ष पाचही ठिकाणी आम्हाला चिरडणार, हे मला कळत होतं. भर सभेत आत्यानं विचारलं, "बाबू, तू शिकला-सवरला. बराबर हाये का हे?"

"बराबर हाये, आत्या."

अध्यक्षांनी टाळी वाजवली.

निवडणूक झाली. आमची जागा गेली. उन्हाळ्यात नळ उखडून ठेकेदाराच्या माणसांच्या ओळीत नेला. "हा आपला नैतिक विजय हाये," अध्यक्ष म्हणाले. पुढच्या सभेत त्यांची खुर्चीही नव्हती. मग सतरंजीवर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या पिटू लागले. मरेपर्यंत तेच केलं. मी मयतीला गेलो नाही.

त्यांना नावं ठेवत मी वर्षं काढली. सोपं होतं ते. क्वार्टर मात्र मला मिळालं, नळासकट. एकदा आत्या घागर घेऊन दारात आली. मी घाईघाईनं भरून दिली. डोक्यावर चढवून ती शांतपणे म्हणाली, "मंग पुऱ्या ओळीले इथंच पाठवू का, बाबू?"

मी आत येऊन नळ घट्ट बंद केला.