पिंकीचा कोरा अंगठा

"भरू नको म्हटलं ना एकदा! त्या अंगठ्याले हात लावू नको."

"माय, सुमंत सर गाडी घेऊन येऊन राहिले. त्याईले पूर्ण हात पाहिजे, अर्धवट नाही."

"मंग दुसरा काढून दे. फळ्या काय कमी हायेत घरात?"

"तोच पसंत केला त्याईनं."

"पसंत केला! पोरगी पाहाले आला होता काय वं तो?"

गोपिका हसली नाही. कामठीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. जयवंताबाईंच्या मांडीवर सागवानाची रुंद फळी, फळीवर नवरीचे दोन तळहात. बोटाबोटावर जाळी, तळव्यावर मोर, मनगटाशी कोयऱ्या, सगळं मेहंदीच्या कोनातून सोडलेल्या तपकिरी रंगात. डाव्या हाताचा अंगठा तेवढा कोरा. सुमंत सरांच्या रामदासपेठेतल्या नव्या हॉटेलच्या भिंतीवर आज ही फळी जायची होती, अंगठा भरून.

हात पिंकीचे होते, गोपिकाच्या धाकट्या बहिणीचे. तीन वर्षांपूर्वी, लग्नानंतर सहाव्या दिवशी, पिंकी डेंग्यूनं गेली. तळव्यावरचा मोर तेव्हा पुसटही झाला नव्हता.

गोपिकाला मेहंदी शिकवली ती आईनंच. जयवंताबाई खराट्याच्या काडीनं ठिपके द्यायच्या. लेकीनं कोन धरला आणि कामठीपासून खाप्यापर्यंतच्या नवऱ्या स्कूटीवर फिरून रंगवल्या. पिंकीनंतर पहिल्याच नवरीचं मनगट तिनं हातात घेतलं, आणि सोडून दिलं. कंबर धरली म्हणाली, घरी आली. पुढं कोणाचा हात धरलाच नाही. आधी माठ रंगवले, मग दिव्यांच्या काचा, मग लाकूड. एका वार्ताहर मुलीनं विचारलं, "नवं माध्यम का निवडलंत?" गोपिका म्हणाली, "मेहंदी पंधरा दिवसांत जाते, रंग राहतो." तेच छापून आलं. आईनं कात्रण देवाजवळ ठेवलं.

एक सवय मात्र मोडली नाही. मेहंदी काढणारी समोर बसते, नवरीची बोटं तिच्याकडे येतात. गोपिकाचा हात त्या उलट्या बाजूनंच चालायचा. फळी टेबलावर मांडली की वेल वाकडी जायची. म्हणून समोर मांडी लागायची, आणि ती आईची असायची. पिंकीचे हात मागच्या महिन्यात पहिल्यांदाच उतरले. फोटो समोर नव्हता. कोन चालत गेला आणि अंगठ्याशी येऊन थांबला.

"तिले शेवटची आंघोळ मी घातली, गोपे," जयवंताबाई म्हणाल्या. "हा अंगठा मी पुसला. कोरा होता, कोराच राहू दे."

"पाहणारे विचारतीन ना, माय, हा काहून सोडला म्हणून."

"मंग सांग त्याईले." जयवंताबाईंनी फळीवरची नजर वर केली. "मलेही सांग. काहून सोडला होता?"

"अवघडली होती ते. चार घंटे बसून होती."

"तू कोणाची रेघ अर्धी सोडत नाहीस. बाबारावची पोरगी घोरत होती, तरी तिचा हात पुरा केला तू."

"थंडी वाजून राहिली म्हणे. हात हलत होता."

मेहंदीनं थंडी वाजतेच, नवरीला तर जास्तच. त्या दिवशी खोलीभर बाया होत्या. पिंकीला हुडहुडी भरली तशा सगळ्या हसल्या होत्या. "नवरदेवाचं, पियुषचं, नुसतं नाव घेतलं तर हे हाल वं! उद्या काय करशीन?" गोपिकाही हसली होती. मग वैतागली होती, "नखरे नको करू, सीधी बस." पिंकीनं हात हळूच ओढून घेतला. "ताई, अंगठा उद्या भर ना वं." दुसऱ्या दिवशी लग्नाच्या गडबडीत कोणाला आठवला नाही. रंग मात्र असा चढला होता, काळपट लाल, की आल्यागेल्या प्रत्येकीला जयवंताबाईंनी लेकीचे तळवे उलगडून दाखवले होते.

आता त्या फळीवरच्या मोरावरून बोट फिरवत होत्या.

"थंडी वाजत होती," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि रंग एवढा चढला. एवढा कवा चढते वं, गोपे?"

गोपिका कोनाचं टोक पुसत राहिली. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"मीच शिकवलं तुले. गरम हातावर चढते."

बाहेर गाडी थांबली. कोणीतरी हॉर्न दिला.

गोपिकाला तो हात आठवायची गरजच नव्हती. तो तिच्या तळव्यात होता, तव्यावरून काढल्यासारखा. तिनं तो जाणला होता. जाणून खुशीत आली होती. 'काय रंग येणार आहे पोरीचा!'

"चार घंटे तिचा हात तुह्या हातात होता," जयवंताबाईंचा आवाज चढला नव्हता. त्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. "तापला होता ना? तुले लागला होता ना, गोपे?"

पुन्हा हॉर्न वाजला. गोपिकानं कोन खिडकीत ठेवला आणि उठली. फळी आईच्या मांडीवर तशीच होती, बोटं रिकाम्या जागेकडे वळलेली. तिनं दारात चपला घातल्या, सुमंत सरांच्या गाडीकडे न बघता गल्लीचं वळण घेतलं, आणि निघून गेली.