नवसाच्या कोंबड्याची पिसं

पन्नाशीत माणसाला काहीतरी होतं. माझ्या बरोबरीच्या काहींना साखर झाली, मला माशी बांधायचं खूळ झालं.

माशी म्हणजे गरीच्या आकड्याला दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. माशाला तो खरा वाटला पाहिजे. त्यातली पाण्याखाली बुडून काम करते ती ओली माशी. ही विद्या मी मोबाईलवर शिकलो, तीही आवाज बंद ठेवून. चिचगडच्या आमच्या घरात दुपारी आई झोपलेली असते आणि बायको जागी असते. एकीची झोप मोडली तर ती बोलते आणि दुसरीला कळलं तर ती हसते. खरं तर आमच्या शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, गांडूळ लावून गरी टाकली की कोणालाही मासा मिळतो. पण मला कोणीही व्हायचं नव्हतं.

आकडा घट्ट धरायला मी पक्कड घेतली, तिच्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. दोरा बायकोच्या शिलाई मशीनचा, लोकर माझ्या जुन्या स्वेटरची, चमक यावी म्हणून जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार. राहिलं पक्ष्याच्या मानेवरचं पीस. ते आकड्याभोवती फिरवलं की किड्याच्या पायांसारखं पसरतं. व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाच्या चिमटीत तांबूस, चकचकीत पीस होतं. मी मान वर केली, तर अंगणात तस्संच पीस चालत होतं.

तो नवसाचा कोंबडा होता. आईनं तो गावदेवी मातामायला कबूल केला होता आणि येत्या रविवारी तिच्या ठाण्यावर न्यायचा होता. नवसाचा कोंबडा धड लागतो. तुरा फाटलेला चालत नाही, पीस उपटलेलं चालत नाही. आधीचा रानमांजरानं नेला, म्हणून हा तिनं डोळ्यांत तेल घालून वाढवला होता. नवस कशाचा, ते मी कधी विचारलं नव्हतं. धानाचा असेल, असं धरून चाललो होतो. हे सगळं ठाऊक असून मी स्वतःला समजावलं की चार पिसांनी काय होतंय. शिकलेला माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो.

चाराची अकरा झाली. पहिल्या माशीचं डोकं तिच्या अंगापेक्षा मोठं झालं. दुसरी सुटली. तिसरीत दोऱ्याबरोबर माझ्या मिशीचा केस बांधला गेला आणि सुटका करून घेताना डोळ्यांत पाणी आलं. चौथी बरी जमली. ती घेऊन मी बोडीवर गेलो आणि ऐटीत फेकली.

माशी पाण्यावर बसली आणि बसूनच राहिली. मी ओढली, आपटली, पाण्यात दाबून धरली. सोडली की वर. तासाभरानं ती वाऱ्यानं आपणहून बांधाला लागली. तेव्हा मी बांधावर बसून पहिल्यांदा व्हिडिओचा आवाज लावला. गोरा माणूस सावकाश सांगत होता की कोंबड्याचं पीस ताठ असतं, ते तरंगतं, ओल्या माशीला कोंबडीचं मऊ पीस घ्यावं. आमच्याकडे पाच कोंबड्या आहेत, कोणत्याही देवाला कबूल न केलेल्या.

घरी आलो तर आई कोंबड्याला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी.

"काऊन रे, हे तुनं केलास का?" आईनं विचारलं.

मी खिशातून माशी काढून तिच्या हातावर ठेवली. का ठेवली, कोण जाणे. बहुधा कौतुकाची आशा सुटली नव्हती.

"हे काय होय?"

"माशी."

"घरात माशा कमी हायेत का, म्हनून आनखी बनवून राहिला?"

बायकोला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. ती कोंबड्याच्या मानेवरून बोट फिरवत राहिली. मी म्हटलं, "धानाचाच तर नवस आहे, दुसरा आणू कोंबडा."

"धानाचा नाही होय. देवरीच्या रोडवर तू मोटरसायकलवरून पडला, तीन दिवस डोरे उघडले नाहीस, तवाचा होय. तुह्यासाठी होय हा."

त्या अपघाताला तीन वर्षं झाली. वाचलो ते हेल्मेटमुळे, असं मी भेटेल त्याला सांगत आलो. आईनं मला एकदाही दुरुस्त केलं नाही, गुपचूप कोंबडे वाढवत राहिली. मला फार लाज वाटली.

रविवारी ती नुसता नारळ घेऊन ठाण्यावर निघाली आणि मलाही सोबत नेलं. नारळ फोडून झाल्यावर तिनं मागे न बघता माझं मनगट घट्ट धरलं आणि आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मातामायला सांगितलं, "पिसं येऊ दे माय, मंग आनीन तुहा कोंबडा. चूक माहीच होय. पोट्ट्याले जिता ठेव म्हनली होती, अक्कल दे म्हनाचं राहून गेलं."