अक्काच्या मुठीचं मीठ

लातूरची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दर उन्हाळ्यात सांडगी मिरच्या करायची आणि माझा डबा नांदेडच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायची. गाडी यायच्या आधी अर्धा तास मी स्टँडवर हजर. आयुष्यात वेळेवर केलेलं माझं हे एकच काम.

मग अक्काचं पोट फुगायला लागलं. "पित्त हाय," म्हणत तिनं सहा महिने काढले. आपल्याकडं लिव्हर खराब म्हटलं की लोक आधी तोंडाचा वास घेतात, ही तिची धास्ती. उसाच्या रसापेक्षा कडक काही तिच्या घशाखाली गेलेलं नव्हतं. बी प्रकारची कावीळ कधीतरी अंगात शिरली होती आणि वर्षानुवर्षं गप बसली होती. कळलं तेव्हा उशीर झालेला. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलं आणि दाजींनी मिरच्यांची बरणी कपाटात कुलूपबंद केली.

त्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "औंदा मिरच्या तू कर. अन् घेऊन ये."

फोनवर ती सांगत गेली, मी भरत गेलो. निम्मा मसाला मिरच्यांत, निम्मा बनियनवर. उन्हात वाळल्यावर घेऊन लातूरला पोचलो तर दाजी औषधं आणायला गेलेले.

"तळ," अक्का म्हणाली.

एकीकडं डॉक्टर, एकीकडं अक्का. लहानपणापासून मी भ्यालो ते अक्कालाच. तळल्या, बशी पुढं ठेवली आणि भिंतीकडं बघत उभा राहिलो. तिनं एक मिरची उचलली, डोळे मिटून वास घेतला आणि माझ्यापुढं धरली.

"खा."

"मी?"

"मग मी? मला काय जायची घाई झाली का रे? तू खा अन् सांग."

"लई झकास."

"झकास काय? मीठ पुरलंय का?"

"जरा जास्तच झालंय."

तिला बरं वाटलं. "वाटलंच. मूठभर म्हटलं ते माझ्या मुठीचं. तुझा पंजा म्हंजी फावडं."

दाजी आले ते वास घेतच. बशी रिकामी बघून त्यांचा चेहरा उतरला. "म्याच खाल्ल्या," मी म्हणालो, आणि माझ्या पोटाकडं एकदा बघून त्यांनी विश्वास ठेवला.

निघताना अक्कानं दम दिला, "तुम्ही भावंडं रक्त तपासून घ्या. न्हाईतर माझ्या दारात येऊ नका." तपासलं. ती कावीळ कुणालाच नव्हती, लस टोचून घेतली. माझ्या लिव्हरवर मात्र चरबी निघाली. अक्का हसून हसून दमली.

ते तिचं शेवटचं मोठं हसणं.

आता महिन्यातून एकदा मी लातूरला जातो. लिव्हरच्या रुग्णांचे घरचे लोक एका हॉलमध्ये जमतात, बिनमिठाचं वरण गोड कसं लागेल ते एकमेकांना सांगतात. मी मिरचीची गोष्ट सांगतो, लोक हसतात. मागच्या वेळी एक बाई उठून जवळ आली. "आमचे मालक पण पित्तच म्हणून राहिलेत," म्हणाली. मी म्हणालो, "ताई, उद्याच न्या." त्यात मला हसवता आलं नाही.

औंदा पुन्हा मिरच्या भरायला बसलो. बायकोची मूठ मोठी, लेकीची लहान. अक्काची मधली कुठंतरी. मापून घ्यायची राहिली.